कापसाचं आयात शुल्क डब्ल्यूटीओनं नाही, दिल्लीनं उडवलं!

राजेहो, पुसदच्या बाजारात कापसाच्या भावाचा विषय निघाला की कोणीतरी शहाणा म्हणतोच, "सरकार तरी काय करणार भाऊ, आंतरराष्ट्रीय करारानं हात बांधलेत." ही थाप आता पुरे झाली.

कागद पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पात विदेशी कापसावर ११ टक्के शुल्क लागलं. डब्ल्यूटीओत भारतानं कबूल केलेली कमाल मर्यादा याच्या कितीतरी पट वर आहे. म्हणजे शुल्क वाढवायलाही मोकळीक होती. तरी १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शून्य केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. नेमकं सीतादहीपासून पुढच्या वेचण्यांपर्यंत! पराटी फुटली तेव्हा बंदरावर विदेशी गाठी विनाशुल्क उतरत होत्या. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, आणि खेडा खरेदीत काय मिळाला ते ज्याचं त्याला माहीत.

हे कोणत्या करारानं झालं? कोणत्याच नाही. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम २५. जनहितासाठी शुल्क माफ करायचा अधिकार केंद्राला आहे, एक अधिसूचना काढली की काम झालं. संसदेला आधी विचारावं लागत नाही. जनहित कोणाचं, हेही तेच ठरवतात.

खरा करार कसा असतो तेही पाहा. ऑस्ट्रेलियासोबतचा करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यात विनाशुल्क कापसाचा कोटा ५१,००० टन, म्हणजे तीन लाख गाठी. आवडो न आवडो, निदान मर्यादा लिहिलेली आहे. ऑगस्टच्या माफीला तेवढीही नव्हती.

कोणी म्हणेल, अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, गिरण्या बुडाल्या असत्या. मान्य, गिरणी कामगारही आपलाच आहे. मग त्यांना मदत तिजोरीतून करा ना! कास्तकाराच्या खिशातून कशाला?

आणि अमेरिकेचं सांगायचं तर, तिच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये डब्ल्यूटीओत गेला आणि जिंकला. अमेरिकेनं काही योजना बदलल्या, पण आपल्या शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलं नाही. उलट २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कापसाचा हमीभाव जास्त आहे म्हणून डब्ल्यूटीओत तक्रारीचा कागद दिला. हिशेब कसा? १९८६-८८ च्या जुन्या किमतीशी तुलना करून!

आपल्या राज्यघटनेत शेती राज्यसूचीत आहे, नोंद १४. परदेशाशी करार केंद्रसूचीत, तिथंही नोंद १४. पण कलम २५३ म्हणतं, करार अमलात आणायला संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, राज्याच्या विषयावरसुद्धा. आणि करारावर सही करायला संसदेची मंजुरी लागतच नाही. शेती आमची, सही त्यांची, अन् चर्चा कुठंच नाही.

आपले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा झाला. चुकारे रखडले, योजना तोट्यात गेली, त्यावर लिहायला दुसरी पोस्ट लागेल. पण तो कायदा विधिमंडळात झाला होता. कोणाची कॉलर धरायची ते कास्तकाराला ठाऊक होतं.

मागणी साधी आहे. शेतमालावरचा कोणताही व्यापार करार सही होण्याआधी संसदेत मांडा, राज्यांना विचारा. आणि ऑक्टोबर ते मार्च कापसाच्या शुल्काला हात लावायचा असेल तर सभागृहात मतदान घ्या. यवतमाळ-वाशिमचे खासदार पुढच्या वेळी पुसदला आले की सत्काराआधी एवढंच विचारा : ऑगस्टच्या त्या अधिसूचनेवर लोकसभेत तुम्ही काय बोललात?