आमचा मरून, त्यांचा मरून

लग्नात रुसायला कारण लागत नाही असं म्हणतात. आमच्याकडे मात्र कारण होतं, आणि ते पोस्टाच्या पाकिटात मावण्याएवढं होतं. लग्नपत्रिकेचा रंग!

आम्ही बारामतीचे, सून इंदापूरची. मुलामुलीनं हौसेनं ठरवलं की दोन्हीकडची पत्रिका अगदी एकसारखी हवी. इथल्या डीटीपीवाल्या मुलाकडून डिझाईन करून घेतलं. मरून पट्टा, त्यावर सोनेरी गणपती, कडेला हळदीच्या रंगाची किनार. सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं, सगळ्यांना आवडलं. मग तीच फाईल पेनड्राइव्हवर घालून इंदापूरला धाडली. आमच्या पत्रिका आम्ही इथे छापल्या, त्यांनी त्यांच्या तिथे.

केळवणाला दोन्ही पत्रिका एकाच ताटात आल्या. आमचा मरून पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, आणि त्यांचा? विटकरी. किनार आमची पिवळीधमक, त्यांची मळकट. तेच अक्षर, तोच गणपती, पण एक पत्रिका नवी आणि दुसरी गेल्या वर्षीची वाटावी, इतका फरक. आमच्या एका चुलत सासूबाईंनी चष्मा वर करून दोन्ही पाहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मुलीकडच्यांनी हात आखडता घेतला वाटतं." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. मी बोलले नाही, एवढंच.

विहीणबाईंच्या कानावर ते जायचं ते गेलंच. बिचाऱ्या दुसऱ्याच दिवशी छापखान्यात गेल्या. तिथं उत्तर मिळालं, "ताई, फाईल तुमची, शाई कंपनीची. आम्ही काय करणार? आणि साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." पैसे विहीणबाईंनी मोजले, कागद त्यांनी निवडला, पण हिशेब मात्र साहेबांशी! पुढे कधीतरी बोलता बोलता त्यांच्याकडून कळलं की त्यांचा कागद आमच्यापेक्षा महाग होता. त्यांनी मुद्दाम खरबरीत पोताचा, न चकाकणारा, हातकागदासारखा दिसणारा कागद घेतला होता. आम्ही घेतला होता नेहमीचा चकचकीत आर्ट कार्ड. म्हणजे खर्च त्यांनी जास्त केला आणि कंजूष त्याच ठरल्या.

हे मला फार लागलं. म्हणून लग्न उरकल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात जाऊन बसले आणि विचारलं, हे असं होतं कसं? जे समजलं ते तुम्हाला सांगते, कारण पत्रिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं, बचत गटाची लेबलं, क्लासची पावतीपुस्तकं हे सगळं हल्ली आपणच छापून आणतो, आणि रंग बिघडला की बोलणीही आपणच खातो.

पहिली गोष्ट, छापखान्यात पांढरी शाई नसते. म्हणजे आपण ज्याला चार रंगी छपाई म्हणतो तिच्यात निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा एवढेच डबे. पांढरं जे दिसतं तो कागद. आणि या शाया पातळ काचेसारख्या पारदर्शक असतात. उजेड शाईतून आरपार खाली जातो, कागदावर आपटतो आणि परत शाईतून वर येऊन आपल्या डोळ्यात शिरतो. त्यामुळे खालचा कागद गुळगुळीत आहे की खरबरीत, निळसर पांढरा आहे की साईसारखा, हे सगळं त्या रंगात मिसळतं. शाई तीच असली तरी.

दुसरी गोष्ट आपल्याला अंगणातली माहीत आहे. चांगल्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळी घातली की बोटातून सुटलेली रेघ तशीच्या तशी उठते. त्याच रांगोळीची रेघ भुसभुशीत मातीवर घाला, अर्धी रांगोळी मातीत जाते आणि उरलेली फिकी दिसते. छपाईतला रंग बारीक बारीक टिपक्यांचा असतो. लेप नसलेल्या कागदावर शाई शोषली जाते, टिपका फुगतो, पसरतो, शेजारच्या टिपक्याला भिडतो. मग मरूनमधला लाल दबतो, काळा वर येतो, आणि विटकरी तयार होतो. लेप दिलेल्या कागदावर टिपका वरच राहतो, म्हणून रंग खोल आणि धारदार.

हा लेपाचा कागद कुठे तयार होतो माहीत आहे? आपल्या उंबऱ्यात. भिगवणला आपण मासे खायला नाहीतर उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला जातो, पण इंदापूर तालुक्यातल्या याच भिगवणजवळ लेप दिलेला कागद करणारी मोठी गिरणी आहे. इंडोनेशियातल्या सिनार मास समूहानं ती १९९०च्या दशकात उभारली आणि २००१ मध्ये ती बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आली. कागदावर चिनी माती आणि खडूचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, पातळ लेप द्यायचा आणि मग तो जड रुळांमधून काढून घोटायचा, असं ते काम. भिंतीला गिलावा देऊन वर थापी फिरवतात, तसंच म्हणा ना. जास्त घोटला की चकचकीत, कमी घोटला की मॅट. मॅटवरही लेप असतोच, हे मला नवीन होतं. मला वाटायचं, चमकत नाही म्हणजे साधाच कागद.

आणि हे घोटणं काही परदेशातून आलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं जुन्नर एकेकाळी कागदासाठी प्रसिद्ध होतं. हातानं केलेल्या कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडानं घोटायचे, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरी कागद वापरात होता. दगडाच्या जागी रूळ आले, एवढाच बदल.

आता हातातली ही पुरवणीच बघा. वर्तमानपत्राच्या कागदाला लेप नसतो, तो पातळ असतो, शिवाय जरा करडाच असतो. यात पैठणीची जाहिरात येते आणि आपण ती घेऊन दुकानात जातो, "हाच राणी कलर दाखवा." दुकानदार दाखवतो तो भडक वाटतो. त्याची चूक नाही. राणी कलर आपल्या हातातल्या कागदानं आधीच पिऊन टाकलेला असतो.

म्हणून चकचकीत तेवढं चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या पत्रिकेचं कौतुक झालं खरं, पण तिच्यावर लॅमिनेशन केलेलं होतं. पहिली पत्रिका देवाला ठेवायची म्हणून चार कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावलं, तर ते धरेचना. वाळलं आणि पापुद्रा होऊन देवघरात गळून पडलं. पाहुण्यांची नावं पेनानं लिहायला गेलो तर शाई पुसली जाऊन बोटाला लागली. विहीणबाईंच्या कागदानं हळदकुंकू असं पिऊन घेतलं की आजही त्यांच्या देवघरातल्या पत्रिकेवर ते बोट तसंच आहे.

लॅमिनेशनचंही एक आहे. चकचकीत प्लास्टिक चढवलं की रंग गडद दिसतो, मॅट चढवलं की वर धुकं आल्यासारखा थोडा मवाळ होतो. जुन्या घरातल्या रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती आठवा. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्या जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्रं छापली जात, आणि तैलचित्राची खोली यावी म्हणून बऱ्याच चित्रांवर व्हार्निश चढवत. ते तेज निम्मं त्या व्हार्निशचं. तर लॅमिनेशन करायचं असेल तर रंग ठरवतानाच सांगायचं. छापून झाल्यावर "आता जरा मॅट मारून द्या" म्हणालात की तुम्ही पसंत केलेला रंग गेलाच म्हणून समजा. मोत्यासारखी झाक असलेली कार्डं हल्ली फार चालतात, त्यांच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की ती एकदा ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. मुहूर्ताची वेळ वाचता आली तर घ्या.

जाडीवरही जाऊ नका. तीनशे जीएसएम म्हणजे भारी असं आपल्याला सांगितलं जातं. जीएसएम हे वजन आहे, एका चौरस मीटर कागदाचं. त्याचा रंगाशी थेट संबंध नाही. जाड मॅपलिथोही शाई पितो आणि पातळ आर्ट पेपरवरही रंग उठतो.

पत्रिकेचं एक वेळ ठीक आहे, लग्न झालं की विषय संपतो. लेबलाचं तसं नाही. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाचा कांदा-लसूण मसाला आहे. पहिली लेबलं चकचकीत क्रोमो स्टिकरवर होती, मिरची अगदी लालभडक. ती संपली, तेव्हा घाईत दुसरीकडून स्वस्तात साध्या स्टिकर कागदावर करून घेतली. मिरची तपकिरी झाली. एक तर त्यावर तेलाचे डाग पडले, आणि प्रदर्शनात रोजची गिऱ्हाइकं पाकीट उलटसुलट करून तारीख बघायला लागली. मसाला आठ दिवसांपूर्वीचा, पण माल जुना आहे किंवा कुणीतरी नक्कल केली आहे, असं वाटून निम्म्या बायका परत ठेवून गेल्या. गटातल्या बायकांनी उन्हात वाळवलेल्या मिरच्या, डंकावरची हेलपाट, सगळं त्या कागदानं खाल्लं. दोन रुपये वाचवायला गेल्या हे त्यांचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. कागद बदलला की रंग बदलेल, हे त्यांना ऑर्डर घेणाऱ्यानं सांगायला हवं होतं. त्याला ते माहीत होतं, त्यांना नव्हतं.

माझं खरं भांडण इथे आहे. फाईल मोबाईलवर पाठवायची, "ओके ना ताई?" विचारायचं, आपण अंगठा दाखवायचा, आणि नंतर तोच अंगठा पुरावा म्हणून आपल्यापुढे धरायचा, ही पद्धत बरोबर नाही. मोबाईलचा पडदा आतून पेटलेला असतो. कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. पडद्यावरचा झगझगीत केशरी, मोरपिशी, जांभळा या चार शायांतून तसा निघतच नाही, आर्ट पेपरवरसुद्धा. हे छापखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आपण अंगठा द्यायचा तो मजकुराला, मुहूर्ताला, नावांच्या शुद्धलेखनाला. रंगाला नाही.

छापखान्याची बाजूही ऐकली मी. पाचशे पत्रिकांसाठी मशीन लावून नुसता एक नमुना काढणं त्यांना परवडत नाही, ते खरं आहे. डिजिटल मशीनवर एक प्रत काढून देतात, पण तिथे शाईऐवजी पावडर असते, ती कागदात मुरत नाही, त्यामुळे तोही पक्का भरवसा नव्हे. मग निदान त्याच कागदावर आधी छापलेलं दुसऱ्या कुणाचं काम दाखवायला काय हरकत आहे? ते प्रत्येकाकडे पडलेलं असतं. आणि पहिले चार कागद मशीनवरून उतरतील तेव्हा गिऱ्हाइकाला बोलवायला? दिवस ठरवून सांगितलं तर आपण जाऊ की. नुसता एकच गडद रंग हवा असेल तर स्क्रीन प्रिंटिंग करा म्हणून सुचवता येतं, कारण तिथली शाई जाड थराची, कागद झाकून टाकणारी असते. आणि बिलावर नुसतं "पत्रिका नग ५००" न लिहिता कागदाचं नाव, जीएसएम, लॅमिनेशन लिहायला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या खेपेला तेच हवं असलं तर दाखवायला काहीतरी हातात राहतं. त्या मसाल्याच्या गटाकडे जुन्या लेबलाचं बिल होतं, त्यावर लिहिलं होतं, "स्टिकर".

आपणही एक करायला हवं. आपण आधी रंग ठरवतो आणि कागद शेवटी, उरलेल्या पैशांत. ते उलटं करायचं. आधी कागद, मग त्या कागदावर कोणता रंग उठतो ते. खरबरीत कागद आवडत असेल तर घ्याच, मलाही आता तोच आवडतो, पण मग त्यावर फोटो आणि गडद पट्टे नकोत, एकदोन साधे रंग आणि मोकळी जागा. आणि नमुना बघायचा तो दुकानातल्या दिव्याखाली नाही, पायरीवर येऊन, दिवसाच्या उजेडात. लेप नसलेल्या कागदावर ओला रंग बरा दिसतो आणि वाळल्यावर उतरतो, तेव्हा जमलं तर दुसऱ्या दिवशी.

यंदा सूनबाईंचं डोहाळजेवण आमच्याकडे होतं. पत्रिका छापायची म्हणून मी विहीणबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. त्या इंदापूरहून एसटीनं आल्या, पर्समध्ये हिरव्या ब्लाउजपीसचा तुकडा. छापखान्याच्या पायरीवर आम्ही दोघी पाऊण तास उभ्या. सहा कागद बघितले, तिथल्या पोरानं दोनदा चहा आणला. शेवटी साईच्या रंगाचा बिनलॅमिनेशनचा कागद घेतला. छापून आलेला हिरवा ब्लाउजपीसशी जुळला नाही तो नाहीच, थोडा पोपटीकडे झुकला. पण तो झुकणार हे आम्हाला आधी माहीत होतं आणि ते दोघींनी मिळून चालवून घेतलं होतं. बारशाची पत्रिका आता इंदापूरला छापायची आहे. कागद मी बघायला यायचं, असं त्यांनी सांगून ठेवलंय.