आधी पोटोबा, मग कोण?

‘आधी स्वतःला सांभाळ, मग इतरांची सेवा कर’ हे ख्रिस्ती तत्त्व आहे, असं सांगणाऱ्या रील्स हल्ली माझ्या फीडमध्ये रोज येतात. मागे मंद पियानो, हातात कॉफीचा मग आणि खाली बायबलचं एखादं वचन. विमानातला ऑक्सिजन मास्कही बहुतेक वेळा असतोच. उलट आमच्या वसईकडच्या चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा. तिथं शिकवतात ते असं : स्वतःला नाकार, क्रूस उचल आणि रविवारी सकाळी सहाला खुर्च्या लावायला ये.

माझ्या मते दोघंही अर्धंच पान वाचतात. पण जास्त नुकसान दुसऱ्यांनी केलंय, म्हणून भांडण त्यांच्याशी.

बाराव्या शतकात क्लेरव्होच्या मठात बर्नार्ड नावाचा मठाधिपती होता. त्याचाच एक शिष्य 1145 मध्ये पोप झाला, तिसरा युजीन. सकाळपासून रात्रीपर्यंत दारात खटले, अर्ज, भांडणं. बर्नार्डनं त्याच्यासाठी पाच भागांचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं अभिनंदन केलं नाही, ‘अजून झिज’ असंही म्हटलं नाही. तू सगळ्यांचा झालास ना, मग त्या सगळ्यांत स्वतःलाही मोज, असा त्याचा आग्रह. सगळं गाव तुझ्या विहिरीवर पाणी पितं, मग तूच का तहानलेला? एका प्रवचनात तो पाट आणि हौद यांची तुलना करतो. पाटात पाणी आलं की लगेच पुढे जातं. हौद आधी भरतो, मग ओसंडतो, आणि देऊनही रिकामा होत नाही. चर्चमध्ये पाट फार झालेत, हौद थोडे, ही त्याची तक्रार. (स्वतः बर्नार्डनं उपासतापास करून पोटाची कायमची वाट लावून घेतली होती. म्हणूनच त्याच्या सल्ल्यावर माझा जास्त विश्वास बसतो.)

त्याच्याही आधीचा एलीया बघा. जीव मुठीत घेऊन रानात पळालेला, झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणारा. देवदूत येतो तो प्रवचन द्यायला नाही. भाकरी, पाण्याचं भांडं, झोप. मग पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट लांब आहे. होरेबपर्यंतचे चाळीस दिवस त्यानंतर येतात. ज्याला डिप्रेशन आलंय त्याला ‘प्रार्थना कमी पडतेय’ असं ऐकवणाऱ्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा.

रीलवाल्यांसाठीही एक जागा आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही फुरसत नसते, म्हणून येशू त्यांना एकांतात विसावा घ्यायला नेतो. इथवरचंच वचन कॉफीच्या मगाखाली येतं. पुढे काय होतं? लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथं पोचतात, येशूला त्यांचा कळवळा येतो आणि सुट्टी बुडते. त्याच संध्याकाळी पाच हजारांचं जेवण होतं. पण त्यानंतर तो शिष्यांना होडीत बसवतो, गर्दीला निरोप देतो आणि डोंगरावर एकटाच जातो. विसावा हुकला म्हणून सोडून दिला नाही, लांबणीवर टाकला. गर्दीला ‘आता घरी जा’ म्हणणं हेही त्याच्या सेवेतच बसतं. हे आमच्याकडे कुणी वेदीवरून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

कारण ते सोयीचं नाही. माझी मावशी एका मिशनच्या हॉस्पिटलात नर्स होती. लागोपाठ दोन ड्यूट्या, पाठीचा मणका गेलेला. रजा मागितली की उत्तर ठरलेलं : आपण नोकरी करत नाही सिस्टर, सेवा करतो. पगारवाढीच्या वेळीही हेच वाक्य. त्यागाचं तत्त्व असं वरून खाली वाहतं. सांगणारा खुर्चीत असतो आणि झिजणारी बहुतेकदा बाई असते. सणाच्या दिवशी चर्चच्या मागे भांडी घासणाऱ्या बायकांना मार्थाची गोष्ट तोंडपाठ असते. त्या गोष्टीत येशू मरीयेला उठवून स्वयंपाकघरात पाठवत नाही, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलंय का?

‘अशानं सगळे स्वार्थी होतील’ असं म्हणतात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा आहे. त्यातलं ‘स्वतःसारखी’ हे माप आहे. जी स्वतःच्या तापाला ‘एवढं काय’ म्हणते, ती उद्या वॉर्डातल्या पेशंटच्या कण्हण्यालाही तेच म्हणायला लागते. माझ्या मावशीसोबतच्या काही जणी तशा झाल्या. त्या दुष्ट नव्हत्या.

म्हणून पुढच्या वेळी युथ ग्रुपवर ‘उद्या सहाला सगळे या’ असा मेसेज आला, की विचारा : पाळी कुणाकुणाची, नाश्ता कुठे, आणि परीक्षा असलेल्यांना सुट्टी आहे का? उत्तरादाखल क्रूसाचं वचन आलं, तर पाठवणाऱ्यालाच पहिली रांग लावायला सांगा.