टॉवर राहिला तरी चालेल, दोस्त राहायला नको!

फायनल इयरचा व्हायवा संपला की होस्टेलच्या गॅलरीत एकच विषय असतो. कोण कुठे चाललं? एक आखेनला, एक डेल्फ्टला, एक बंगलोरला, एक पुण्यातच. मग सेंड-ऑफच्या रात्री शपथा होतात. "दोन वर्षांत सगळ्यांनी युरोपात भेटायचं, एकदम सॉलिड ट्रिप!" पुढे काय होतं ते प्रत्येक बॅचला ठाऊक आहे. 'युरोप ट्रिप' नावाचा ग्रुप तसाच राहतो, त्यावर वाढदिवसाला केकची चित्रं पडतात. आणि ज्याला चान्स मिळतो तो दहा दिवसांत सात शहरं उरकून परत येतो. पॅरिसला जाऊन आला, पण तिथून साधारण साडेतीन तासांवर कोलोनला राहणाऱ्या रूम पार्टनरला काही भेटला नाही. का? तर "अरे, शेड्यूलच टाइट होतं!"

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. युरोपला जायचं तर आधी माणसांची यादी करा, शहरांची नंतर. आयफेल टॉवर १८८९ पासून उभा आहे, तो आणखी थांबेल. आपला दोस्त मात्र पुढच्या वर्षी त्याच गावात असेल याची गॅरंटी नाही.

आपण इंजिनिअर आहोत, तर जरा हिशोबच करू. दहा दिवस, सात शहरं. म्हणजे सहा वेळा बॅग भरायची, स्टेशन गाठायचं, नवीन हॉटेल शोधायचं. एका मुक्कामाला अर्धा दिवस धरला तरी तीन दिवस नुसते चाकांच्या बॅगेमागे गेले. विमानाचे दोन दिवस वजा करा. उरलेल्या पाच दिवसांत सात शहरं! एवढ्यात शहर कळत नाही, फक्त फोटो निघतात. ते फोटो तर आपल्या आधी लाखो लोकांनी काढून ठेवलेत.

उलट, माणसं धरून प्रवास करायला युरोपाइतकी सोयीची जागा नाही. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं लहानसं गाव. तिथे १४ जून १९८५ ला पाच देशांनी सीमेवरची तपासणी उठवायचा करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला आणि आता त्यात २९ देश आहेत. एका व्हिसावर या सगळ्या देशांत मिळून १८० दिवसांतले ९० दिवस राहता येतं. जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही तिथल्या रेसिडन्स परमिटवर शेजारच्या देशांत असंच फिरता येतं. अधूनमधून गाडीत पोलीस चढतात, तेव्हा पासपोर्ट जवळ हवाच. लंडन मात्र यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा.

अंतरं तरी काय! डेल्फ्ट ते रॉटरडॅम पंधरा मिनिटं, व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा तासभर, आखेन ते ब्रुसेल्स दीड तासाच्या आत. आखेनजवळच्या एका टेकडीवर तर जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम यांच्या सीमा एकत्र येतात. म्हणजे तीन देशांतले तीन मित्र शनिवारी सकाळी निघून दुपारी एका टेबलावर जेवू शकतात. आम्हाला पनवेलहून बोरिवलीच्या मित्राकडे जायला कधी कधी याहून जास्त वेळ लागतो!

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो. आमचं जासई उरण तालुक्यात, पनवेलहून बंदराकडे जाणाऱ्या हायवेवर आहे. दि. बा. पाटीलसाहेबांचं हे गाव. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये इथे आणि आसपास मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. जिथे भातशेती आणि मिठागरं होती तिथून माल रॉटरडॅमला, हॅम्बुर्गला जाऊ लागला. माल गेला, पण माणसं कुठे गेली? आमच्या घरात परवा परवापर्यंत कोणाकडे पासपोर्ट नव्हता.

माझे मामा इथल्याच एका सीएफएसमध्ये कारकून. पंचवीस वर्षं शिपिंग बिलांवर 'रॉटरडॅम' वाचत आले. मामेबहीण एम.एस.साठी आखेनला गेली आणि गेल्या मे महिन्यात मामा-मामी तिच्याकडे जाऊन आले. बारा दिवस, मुक्काम एकच. पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही. नातेवाईक म्हणाले, "एवढे पैसे घालून पॅरिससुद्धा पाहिलं नाही?"

मामांनी काय पाहिलं ते ऐका. मुलीची बारा बाय दहाची खोली. सामाईक किचनमधल्या फ्रिजमध्ये तिच्या नावाची चिठ्ठी लावलेला कप्पा. थंडीत दुपारी साडेचारलाच अंधार पडतो तेव्हा ती ज्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी राहते, तो स्टॉप. एक दिवस तिने त्यांना रॉटरडॅमचं बंदर बघायला नेलं. तिथल्या क्रेन पाहून मामांनी यार्डातल्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, आपला माल इथे उतरतो!" मामी मात्र आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता फोनवर 'बाहेर आहे' म्हणाली की कुठे उभी असेल ते डोळ्यासमोर येतं." आता सांगा, पॅरिस मोठं की हे?

कोणी म्हणेल, व्हिडिओ कॉल आहे की! आहेच. पण त्या वेळा बघा. मध्य युरोप आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन. ती लॅबमधून सुटते तेव्हा इकडे आई पेंगत असते. आणि कॉलवर माणूस कसा, तर केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसलेला. बारीक झालाय का, एकटा जेवतो का, हसतो ते खरं का, हे समजायला दोन दिवस एका छपराखाली राहावं लागतं. होस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, आई-बाबांना या वयात झेपणार नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये युरोपला निघाले तेव्हा सत्तर पार करत होते. तेही बोटीने! जिनिव्हाला आणि डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला शिक्षण परिषदांना हजर राहिले आणि पुढे अमेरिकेलाही गेले. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे त्याच सुमारास बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. तेव्हा वय आड आलं नाही, तर आज का यावं?

खर्चाचा मुद्दा खरा आहे. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली, शिवाय ३०,००० युरोंचा मेडिकल विमा लागतो, आणि तिकीट आहेच. पण एका जागी मुक्काम ठेवला तर हॉटेलचा आणि धावपळीचा खर्च वाचतो, हेही तितकंच खरं.

मात्र मित्राकडे जायचं म्हणजे फुकटचा लॉज समजून जायचं नाही. त्याची परीक्षा कधी आहे ते आधी विचारा. त्याच्या होस्टेलला पाहुणा चालतो का, किती रात्री चालतो, तेही विचारा. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरा, आणि बिल तुम्ही द्या. रात्री दहानंतर आवाज नको, तिथले शेजारी खरोखर तक्रार करतात. जाताना गोडा मसाला आणि सुकट घेऊन जाणारे खूप असतात. त्यापेक्षा घरातलं मांस, दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत हे लक्षात ठेवून मसाला, पापड आणि चिवडा न्या. आणि एक दिवस स्वयंपाक तुम्ही करा. त्या बिचाऱ्याला दोन वर्षांत कोणी वाढलेलं नसतं.

हे एकतर्फीही नको. तिकडे असलेले मित्र डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी येतात. खरेदी, डेंटिस्ट, लग्नं, की लगेच परत. आमच्याकडे हळदीला धवले चालू असतात आणि हा मांडवात फोन कानाला लावून पुढच्या कार्यक्रमाला निघालेला! त्यालाही तेच सांगणं आहे. दहा घरी दहा मिनिटं बसण्यापेक्षा चार घरी जेव. आणि जो रूम पार्टनर नांदेडला किंवा चिपळूणला नोकरी करतो, त्याच्याकडे जायला तर व्हिसाही लागत नाही. तिथे कधी गेलो होतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

शेवटी सर आणि मॅडम लोकांनाही एक विनंती. कॉन्फरन्सला जर्मनीला, इटलीला गेलात तर त्या शहरात आपल्या कॉलेजचं कोण आहे ते आधी बघा आणि एक मेल टाका. ज्या पोराला तुम्ही सबमिशनला चार वेळा परत पाठवलंत, तोच स्टेशनवर तुमची बॅग उचलायला सर्वांत आधी हजर असेल.

तेव्हा दोस्तांनो, यंदाच्या सेंड-ऑफला शपथ नको. त्याऐवजी एक तारीख ठरवा, एक गाव ठरवा आणि घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे आई-बाबांच्या पासपोर्टचा फॉर्म भरा. स्वित्झर्लंडचा बर्फ नंतर बघू!