ऐकणाऱ्याच्या खुर्चीतून

ट्रंक कॉलच्या जमान्यात मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मनात आणलं तर कुणाचंही बोलणं कानावर पडायचं. एकदा एका घरी मुलगी झाल्याचं तिच्या आजीआधी मला कळलं. (पेढे मात्र मिळाले नाहीत.) म्हणून ‘लपवायला काही नाही तर भ्यायचं कशाला?’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फोन टॅपिंगला वेसण घातली: गृहसचिवांचा लेखी आदेश, मुदत दोन महिने, वाढवून फार तर सहा. पण तो आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच. म्हणजे सासूची तक्रार नणंदेकडे! न्यायाधीशाची सही लागत नाही ती नाहीच. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने मात्र सरकारला आपल्या यंत्रणा त्यातून वगळायची मुभा ठेवली.

आमच्या बोर्डवर ऐकणारी निदान दमायची, डबा खायला उठायची. आता ऐकणाऱ्या यंत्राला भूक लागत नाही. त्याच्यामागे कोण बसलंय, हे विचारायला मी कुठल्या खिडकीवर जाऊ?