हरण्याचा हक्क कोणाला?

५ ऑगस्टला टीव्हीवर ऑलिम्पिकशिवाय दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. सकाळी सातला जर्मनीविरुद्धची कांस्यपदकाची लढत. आधी १-३ अशी पिछाडी, मग ५-४ असा विजय आणि अगदी शेवटच्या सेकंदांत श्रीजेशने अडवलेला पेनल्टी कॉर्नर. हॉकीत ४१ वर्षांनी पदक आलं. दुपारी रवी दहियाची अंतिम कुस्ती झाली, रौप्य मिळालं. मधल्या सगळ्या वेळात तेच गोल पुन्हा पुन्हा, ढोलताशे, पेढे, खेळाडूंच्या आयांचे भरून आलेले डोळे. पंतप्रधानांनी तर त्याच दिवशीच्या भाषणात या पदकाची सांगड कलम ३७० आणि राममंदिराच्या भूमिपूजनाशी घालून टाकली. तारीख एकच ना!

पदकाचा आनंद मलाही झाला. आमच्या अभ्यासिकेतली पोरं मोबाइलभोवती गोळा होऊन ओरडत होती, त्यांत मीही होते. प्रश्न आनंदाचा नाहीच. पण त्याच दिवशी एक दुसरी बातमी फिरत होती. मी आलटून पालटून ज्या चार वाहिन्या पाहत होते, तिथे ती खालच्या पट्टीत यायची आणि पुढच्या जल्लोषात वाहून जायची.

बातमी हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावची. आदल्या दिवशी महिला संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून १-२ असा हरला. त्यानंतर वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असं ते म्हणत होते, अशी तक्रार घरच्यांनी पोलिसांत दिली आहे. अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, अटकही झाली.

आता तारखा लावून बघा. ३१ जुलैला याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. तो सामना ४-३ असा जिंकला म्हणून उपांत्यपूर्व फेरीची वाट उघडी राहिली. मे महिन्यात वडील वारले तेव्हा ती बंगळुरूच्या शिबिरात होती, अंत्यविधीला जाता आलं नाही. ही गोष्ट पार्श्वसंगीत लावून सांगितली गेली. त्या दिवशी ती 'देश की बेटी' होती. चार दिवसांनी संघ हरला आणि ती पुन्हा गावकुसाबाहेरची झाली.

मुद्दा इथे आहे, म्हणून जरा थांबते. हरण्याचा हक्क या देशात सगळ्यांना सारखा नाही. याच टोकियोत नेमबाजीचा १५ जणांचा चमू गेला होता. एकही पदक नाही. त्यावर चर्चा झाली ती प्रशिक्षकांची, महासंघातल्या भांडणांची, पिस्तुलात झालेल्या बिघाडाची. एकाही नेमबाजाच्या दारात त्याच्या जातीचं नाव घेऊन फटाके फुटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फुटूही नयेत. ते हरले म्हणजे एक माणूस, एक नेम, एक वाईट दिवस हरला. आपलं पोर हरतं तेव्हा मात्र अख्खी जात नापास होते. अकरा जणींनी खेळलेल्या सामन्याचा हिशोब एकीच्या घराकडे मागितला जातो.

आणि ते वाक्य तुम्हाला नवीन वाटलं का? 'हे लोक जास्त झाले म्हणून दर्जा घसरला.' मेडिकल-इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, बँकेत, मंत्रालयात आपण ते ऐकत आलो आहोत. तिथे ऐकवणारे आरक्षणाची ढाल पुढे करतात. म्हणतात, आमचा राग जातीवर नाही, आरक्षणावर आहे. बरं! हॉकी संघात आरक्षण कुठे आहे? चेंडू जाळ्यात गेला की नाही हे अख्ख्या जगासमोर ठरतं. वशिला नाही, सवलत नाही. तरी वाक्य तेच निघालं. म्हणजे राग आरक्षणावर कधीच नव्हता, आपण तिथे असण्यावर होता. 'मेरिट'वाल्या मित्रांशी वाद घालताना हे उदाहरण खिशात ठेवा.

'दोनचार गुंडांनी केलं, त्याचं एवढं काय?' असं विचारणारे येतीलच. मग १ ऑगस्टला पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकल्यावर गूगलवर तिची जात शोधणारे कोण होते? २०१६ लाही हेच झालं होतं. जिंकली तर आपली आहे का हे तपासायला जात, हरली तर दोष द्यायला जात, आणि टीव्हीवर मात्र 'खेळात जात नसते'.

त्याच्या आधीच्याच महिन्यात युरो फुटबॉलच्या अंतिम सामन्यात रॅशफर्ड, सँचो आणि साका या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची पेनल्टी हुकली आणि त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. इंग्लंड काही स्वर्ग नाही. पण फुटबॉल संघटनेने लगेच निषेध केला, पंतप्रधान बोलले, वर्णद्वेषाला वर्णद्वेष म्हटलं गेलं. इथे टोकियोत बसून कर्णधार राणी रामपाल बोलली की हे लाजिरवाणं आहे, हे थांबवा. तिला बोलावं लागलं. स्टुडिओत दिवसभर रिकामे बसलेले तज्ज्ञ काय करत होते?

याचं उत्तर खुर्चीत आहे. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. १०६ जागांवर तथाकथित वरच्या जातींचे लोक. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. जिथे बातमी कोणती मोठी करायची हे ठरतं त्या खोलीत आपण नाहीच, तर रोशनाबाद पट्टीतच जाणार. दिल्लीच्या नांगल गावात १ ऑगस्टला नऊ वर्षांची दलित मुलगी स्मशानभूमीत पाणी आणायला गेली, ती परत आली नाही. बलात्कार करून मारलं आणि घाईने जाळलं, असा आईवडिलांचा आरोप आहे. ते रस्त्यावर बसलेले असताना पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पदकतालिका फिरत होती. बाबासाहेबांनी १९२० ला 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शंभर वर्षांत यंत्र बदललं, खोली तीच राहिली.

महाराष्ट्राने नाक वर करू नये. पळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांना गोलंदाजी करून पुढे आले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांच्या हातचा चेंडू हिंदू संघाला चालायचा, चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्यांना कधी मिळालंच नाही, ते १९२३ ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. (हेच बाळू १९३७ ला बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले आणि हरले, हाही इतिहास आहे. म्हणून त्यांच्यावरचा अन्याय खोटा ठरत नाही.)

आता थोडं आपल्याच लोकांशी. ३१ जुलैला आपल्या ग्रुपवर वंदनाचे फोटो निळ्या रंगात रंगवून फिरले. 'बघा, आपली लेक!' अभिमान समजू शकते. पण आपणही सन्मानाला पदकाची अट घालतोय, हे लक्षात घ्या. हॅट्ट्रिक केली म्हणून तिच्या घराला शिवी देऊ नये, असं आपलं म्हणणं आहे का? तिने एकही गोल केला नसता, संघात निवडच झाली नसती, तरी त्या दारात फटाके फोडणं गुन्हाच होता. रोशनाबादमध्ये जी मुलगी कधीच हॉकी खेळणार नाही, तिच्यासाठी आपण पोस्ट टाकणार आहोत का?

आणि खेळायचं तर कुठे? ऑलिम्पिकच्या वर्षात केंद्राच्या अर्थसंकल्पात क्रीडा खात्याची तरतूद गेल्या वर्षीच्या मूळ तरतुदीपेक्षा सुमारे २३० कोटींनी घटली, 'खेलो इंडिया'चीही घटली. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या कबड्डीच्या जागेवर आता गाड्या लागतात. मुली सरावाला समाजमंदिरामागच्या फरशीवर जातात, गुडघे सोलून येतात. तिथे कॅमेरा यायला आधी एखादीने पदक आणायला हवं.

६ ऑगस्टला कांस्यपदकाचा सामना झाला. घरासमोर काय घडलं ते साऱ्या देशाला कळून एक दिवस झाला होता. वंदना मैदानात उतरली आणि गोल केला. संघ ग्रेट ब्रिटनकडून ३-४ असा हरला. त्या संध्याकाळी रोशनाबादच्या दारात पोलीस होते की नाही, हे बघायला किती वाहिन्यांनी गाडी पाठवली?