ओढ्यास मनाई

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मकरपुऱ्यात दोन वाद हमखास निघतात. विश्वामित्रीला यंदा पूर येणार काय, हा पहिला. आणि मुलाबाळांना घेऊन पावागडाच्या ओढ्यांकडे जावे की न जावे, हा दुसरा. पहिल्या वादात मतभेद कायम आहेत. दुसऱ्यात मात्र अलीकडे शहाण्या मंडळींचे एकमत होऊ लागले आहे, ते असे की, जाऊ नये, आणि सरकारने कोणास जाऊही देऊ नये. या एकमताशी आमचे भांडण आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे हलके नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील ओढ्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, गोव्यात मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाले. अशा बातम्या वाचून ज्याच्या काळजात चर्र होत नाही, त्याने या विषयावर बोलूच नये. प्रश्न एवढाच की, त्यानंतर जे केले गेले त्याने पुढचे मूल वाचते काय?

केले काय, तर मनाई. गोव्यात अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी आली. पुणे जिल्ह्यात मनाई हुकूम निघाले. योगायोग असा की, भुशीचा अपघात घडला तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा अखेरचा दिवस होता; दुसऱ्या दिवसापासून नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि सर्वपरिचित कलम १४४ चे कलम १६३ झाले. आकडा बदलला, वृत्ती बदलली नाही. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. त्याखालचा हुकूम सामान्यतः दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही, कारण अकस्मात उद्भवलेल्या धोक्याला आवर घालणे हा त्याचा हेतू आहे. आता पावसाळा ही काही अकस्मात उद्भवणारी गोष्ट नव्हे. तो दरवर्षी येतो, पंचांगात त्याची नक्षत्रे छापलेली असतात. जो धोका अकरा महिने आधी ठाऊक असतो त्यासाठी तातडीचा अधिकार वापरणे म्हणजे अकरा महिने काहीच केले नाही याची लेखी कबुली होय. वारंवार तेच ते मनाई हुकूम काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अनुराधा भसीन यांच्या खटल्यात बजावले आहे. तो खटला काश्मिरातील इंटरनेट-बंदीचा होता हे खरे. परंतु तत्त्व ओढ्यासही लागू पडावे.

शिवाय ही मनाई पडते कोणावर? शिपाई उभा असतो तो मोटारी थांबतात तेथे. मुलांना घेऊन आलेला गृहस्थ त्याला पाहून परततो. बाटल्या घेऊन आलेली टोळकी टेकडीला वळसा घालून जातात. म्हणजे ज्याच्या हातून ओढ्याकाठी सभ्यता राहिली असती तोच बाहेर, आणि ज्याला आवरायचे तो आत. आणि १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यास इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून माणसे गेली, तेथे दोष पाण्याकडे जाण्याच्या हौसेचा, की मोडकळीस आलेला पूल उभा ठेवणाऱ्यांचा?

पावागडाचेच पाहू. बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटर. वर कालिकामाता, पायथ्याशी चांपानेर. २००४ पासून हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. माचीपर्यंत मोटार जाते आणि तेथून १९८६ पासून रज्जुमार्ग आहे. त्यामुळे आमची मराठी मंडळी देवीचे दर्शन घेऊन, खाली येऊन, भजी खाऊन परततात. डोंगर पाहिला असे त्यांना वाटते. परंतु याच डोंगराच्या कुशीत खुणिया महादेवाचा धबधबा आहे, आणि पावसाळ्यात ओढ्याच्या काठाकाठाने, दगडांवर पाय ठेवत, आठ वर्षांच्या मुलासही तेथवर चालवते. हीच आमच्या मते मुलांच्या शिक्षणातील पहिली पायवाट. ओढा वाचता येतो, तो असा: पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की वर कोठे तरी पाऊस पडला आहे असे समजावे, मग डोक्यावर ऊन का असेना, आणि पात्राच्या मध्यावरील खडकावर एक क्षणही न थांबता ज्या बाजूने आलो त्याच बाजूच्या काठावर, उंचावर जावे. धावत्या पाण्यात गुडघाभर खोलीही मोठ्या माणसाचे पाय काढते. हे ज्ञान गोव्यातल्या व्हाळाकाठच्या पोरास घरातच मिळत असे. शहरातल्या मुलास ते कोण देणार? मनाईचा फलक तर देणार नाही.

आणि घरी बसलेला सुरक्षित आहे, हा तर निव्वळ भ्रम. पावागडाच्या परिसरातच विश्वामित्री उगम पावते, आणि बडोद्याच्या मध्यातून, कमाटीबागेवरून, शेकडो मगरी पोटात घेऊन पुढे जाते. (मकरपुऱ्याच्या नावाचा त्या मगरींशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो.) ऑगस्ट २०२४ मध्ये ती शहराच्या फार मोठ्या भागात शिरली. जे लोक कधी ओढ्याकडे गेले नाहीत त्यांच्या उंबऱ्याशी ओढा स्वतः आला. नदीला ‘नाला’ म्हणून तिच्या कोतरांत भराव टाकणारे आणि ते निमूट पाहणारे आम्ही, दोघांनीही तिचे वरचे, घोटाभर पाण्याचे रूप कधी पाहिले नव्हते.

कायद्याची आणखी एक गंमत सांगतो. १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ अन्वये आरक्षित वनात अतिक्रमण करून शिरणे हा गुन्हा आहे. आणि कलम २५ प्रमाणे तेथील वाट वा जलप्रवाह बंद करण्याचा अधिकार राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने वनाधिकाऱ्यास आहे, मात्र त्याऐवजी सोईस्कर असा दुसरा मार्ग वा प्रवाह असला पाहिजे. परक्या राजवटीने लाकडासाठी केलेला हा कायदा निदान वाट बंद करताना दुसरी वाट मागतो. आमचे मनाई हुकूम तेवढेही मागत नाहीत. नॉर्वेने १९५७ साली कायदा करून लागवडीबाहेरच्या जमिनीवरून पायी जाण्याचा सर्वांचा हक्क मान्य केला. आणि आमच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, बियास नदीचा प्रवाह वळवू पाहणाऱ्या हॉटेलच्या खटल्यात, नद्या व वने ही सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असतात असे ठरवले. ठेवीदाराने ठेव पाहावयास यावे आणि विश्वस्ताने दार लावून घ्यावे, असा व्यवहार खाजगी विश्वस्ताने केला तर आम्ही त्याला न्यायालयात खेचू.

आमची मागणी अवाजवी नाही. जून ते सप्टेंबर प्रत्येक लोकप्रिय ओढ्यावर, वरच्या अंगास एक आणि खालच्या अंगास एक, असे शिट्टी व दोर घेतलेले दोन गावकरी नेमावेत. त्यांना रोज द्यावा. मागच्या पुराची पातळी खडकावर रंगवावी. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी वाट बंद, आणि इशारा उठताच उघडी. मनाई काढायचीच तर हुकुमात कारण, मुदत आणि दुसरी वाट लिहावी. यंदाचा हुकूम निघेल तेव्हा ही तीन कलमे त्यात आहेत काय, हे आम्ही वाचून पाहणार आहोत. नसल्यास तो आव्हानास पात्र आहे असे आम्ही समजू.