यंत्राची मालकी आणि देखभालीचे श्रम

धायरी-नऱ्हे परिसरातील कारखाना असो, पतसंस्था असो वा शाळा असो, संगणकाशिवाय आज कोणाचेच पान हलत नाही. नव्या यंत्राला हार घातला जातो, नारळ फुटतो, आणि पुढे दरवर्षी ताळेबंदात त्यावर घसाराही नियमाने धरला जातो. मात्र वीज जाऊन आल्यावर हे यंत्र पुन्हा उभे राहील की नाही, हे ज्या चार-दोन फाइलींवर अवलंबून असते त्यांची निगा कोणी राखावयाची, याचे उत्तर बहुधा कोणापाशी नसते. प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो श्रमाचा आणि मालकीचा आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. सुरू होताना यंत्राने काय करावे, हे या प्रणालीत साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात लिहिलेले असते. १९९१ साली अवतरलेल्या लिनक्सने हीच परंपरा चालविली. 'ग्रब' हा कार्यक्रम प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. 'एफएसटॅब' ही फाइल कोणती डिस्क कोठे जोडावयाची ते सांगते. आणि कोणत्या सेवा सुरू करावयाच्या हे काम पूर्वी 'इनिट' करीत असे, ते आता बहुतेक ठिकाणी 'सिस्टमडी'कडे आले आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' ही प्रणाली लिनक्सच्याच आधारावर उभी केली. म्हणजे परवान्याचे शुल्क न भरता सार्वजनिक संस्थांना वापरता येईल असे साधन देशात उपलब्ध आहे.

परंतु साधन खुले असले म्हणजे ते आपोआप लोकांच्या हाती येते, हा भ्रम आहे. काढून टाकलेल्या डिस्कची एखादी ओळ 'एफएसटॅब'मध्ये राहून गेली, तर यंत्र सामान्यतः दीड मिनिट तिची वाट पाहते आणि मग दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊन अडून बसते. बूटचा विभाग जुन्या कर्नलांनी भरला, तर नवा कर्नल धड बसत नाही. यावरचे उपाय फुकटचे आहेत. फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी. बदलाची तारीख व कारण वहीत लिहावे. चालू स्थितीतला एक जुना कर्नल राखावा. दुरुस्तीसाठी एक पेनड्राइव्ह तयार असावा. आणि बदलानंतर जाणकार माणूस जागेवर असतानाच यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. लागतो तो केवळ कोणाचा तरी तासभर वेळ. नेमका तोच अंदाजपत्रकात कोठे नसतो.

या हिशेबाची किंमत जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष फाइलीने विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे सुरू होईनाशी झाली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. ती प्रणाली युनिक्स नव्हती. पण धडा तोच आहे. अखेरीस असंख्य ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी बसून ती फाइल काढावी लागली. स्वयंचलित म्हणविणारी व्यवस्था शेवटी माणसाच्या हातांवरच उभी राहिली.

आणि हे हात आज बहुधा कंत्राटी असतात. कंत्राट संपले की तंत्रज्ञ जातो. परवलीचा शब्द आणि यंत्राची सारी माहिती त्याच्याबरोबर जाते. दोष त्याचा नव्हे. माहिती लिहून ठेवण्याच्या वेळेचा मोबदला त्याला कोणी दिलेलाच नसतो. कागदोपत्री यंत्र संस्थेचे. प्रत्यक्षात ती प्रत्येक दुरुस्तीसाठी पुरवठादाराची आश्रित.

म्हणून सहकारी संस्था, शाळा आणि महापालिकेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात. देखभालीच्या श्रमासाठी स्वतंत्र तरतूद असावी. सुरुवातीच्या फाइलींची प्रत व बदलांची वही संस्थेच्या ताब्यात देणे ही कंत्राटाची अट असावी. आणि संस्थेतील किमान दोन कायम सेवकांना या कामाचे शिक्षण मिळावे. उत्पादनसाधनांच्या मालकीची भाषा बोलणाऱ्या चळवळीने हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. जे यंत्र आपल्याला पुन्हा सुरू करता येत नाही, त्याची मालकी केवळ पावतीपुरती असते.